सहाव्या अध्यायातलं गाव

गोकर्ण मी पाहिलं त्याच्या कितीतरी आधी ऐकलं. आजी गुरुचरित्राचं पारायण करायची, आणि सहावा अध्याय आला की मी तिच्या पाटापाशी सरकून बसायचे. रावण आत्मलिंग घेऊन लंकेला निघालाय, विष्णूने सुदर्शनाने सूर्य झाकलाय, संध्येची वेळ झाली म्हणून रावण ते लिंग बटूच्या वेषातल्या गणपतीच्या हाती देतो आणि ते तिथेच, गोकर्णात, भूमीला चिकटतं. दहा तोंडांच्या रावणाला दिवस मावळला की झाकला हे कळू नये, हे काही केल्या मला पटत नसे.

कॉलेजात असताना त्याच गावी मैत्रिणींबरोबर गेले, तेव्हा महाबळेश्वराच्या देवळाला लांबूनच नमस्कार करून थेट कुडले बीच गाठला. डिसेंबर होता. झावळ्यांचे शॅक, झोळीत पडून तासन् तास वाचणारे परदेशी, रात्री गिटार. कुणालाही कसली घाई नव्हती. फार आवडलं, पण गाव दिसलं नाही, पाहुणेच दिसले.

मग नोकरी, संसार आणि बंगळुरूचं जे. पी. नगर. २००४ साली इथे उभ्या राहिलेल्या रंगशंकरात नाटकाला गेलं की तो किनारा हटकून आठवतो. ज्याच्या नावाने हे थिएटर आहे तो कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नाग होन्नावरकडचा, म्हणजे गोकर्णाच्या शेजारचाच. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही तो होता. त्यामुळे आम्हाला तो आपलाच वाटतो.

पावसातलं गोकर्ण मात्र पाहायचं राहिलं होतं. जुलैत रात्रीची पंचगंगा एक्स्प्रेस पकडली. सानीकट्ट्याच्या मिठागरांत आभाळ भरून राहिलं होतं. कुडलेवर बहुतेक शॅक निळ्या ताडपत्रीखाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे समुद्रात एकही ट्रॉलर नाही. ओम बीचकडे जाणारी वाट जांभ्याच्या सड्यावरून जाते. तिच्यावरून तांबडं पाणी धावत होतं आणि खाली समुद्रही किनाऱ्यालगत तांबडाच झाला होता.

गावात परतले तेव्हा दुपारचे तीनही वाजले नसतील. एकाएकी इतकं अंधारून आलं की दुकानांतून दिवे लागले. देवळाच्या रस्त्यावर हालक्की जमातीची एक आजी प्लास्टिकच्या कागदाखाली बसून भाजी विकत होती. गळ्यात हनुवटीपर्यंत चढलेल्या काळ्या-पिवळ्या मण्यांच्या माळा. मान न वळवता, बोटांनीच चाचपून ती जुड्या बांधत होती. मी वर पाहिलं. सूर्य कुठे असेल याचा अंदाजही करता येईना. रावणाची संध्या तिथे मला पटली. ज्याने ही कथा प्रथम सांगितली, त्याने हा पाऊस अंगावर घेतला असणार, असं मी मनापासून मानते.

मैत्रिणी अजून डिसेंबरचंच ठरवतात. मी त्यांना जुलैची तिकिटं काढायला सांगते. समुद्रात पाऊल टाकायचं नाही, आणि शेवाळावर घसरणार नाही अशी चप्पल हवी.