वैकमचे चार रस्ते

केरळात तवणक्कडवूहून वैकमला जाणारी बोट सौरऊर्जेवर चालते. 2017 पासून ती वेंबनाड सरोवरावर ये-जा करते आहे. इंजिनाची धडधड नाही, त्यामुळे पलीकडच्या बाकावरचं मल्याळम बोलणंही ऐकू येतं. धक्क्यावरून महादेवाचं देऊळ चालण्याच्या अंतरावर आहे. मला देवळापेक्षा त्याच्या चारी बाजूंचे रस्ते पाहायचे होते.

शंभर वर्षांपूर्वी या रस्त्यांच्या तोंडाशी अवर्णांना, म्हणजे एळवा, पुलया अशा चातुर्वर्ण्याबाहेरच्या मानलेल्या जातींना, मज्जाव करणाऱ्या पाट्या होत्या. त्रावणकोर संस्थानात विटाळ अंतरानं मोजत. ब्राह्मणापासून एळव्यानं किती लांब राहायचं आणि पुलयानं त्याहून किती लांब, हे ठरलेलं होतं. म्हणजे दबलेल्यांमध्येही पायऱ्या होत्याच. ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र या रस्त्यांवरून बिनदिक्कत जात. पुलया बाप्तिस्मा घेऊन आला, की त्यालाही वाट मोकळी. माणूस तोच, पाय तेच. या एका गोष्टीनं शुचितेचा सगळा युक्तिवाद कोसळतो, असं मला वाटतं.

30 मार्च 1924 रोजी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा एक पुलया, एक एळवा आणि एक सवर्ण नायर असे तिघं बरोबरीनं पाटीपर्यंत चालत गेले. पोलिसांनी जात विचारली आणि एकट्या नायराला सोडायची तयारी दाखवली. त्यानं एकट्यानं जायचं नाकारलं. तिघांनाही अटक झाली. महाडच्या चवदार तळ्याची आठवण इथे येतेच. तिथे नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव होता, अडवणारा गाव होता. वैकमला अडवायला खुद्द संस्थानचे पोलीस उभे होते. टी. के. माधवन, केशव मेनन यांच्यासारखे पुढारी तुरुंगात गेल्यावर तमिळ मुलखातून ई. व्ही. रामसामी पेरियार आले आणि तेही तुरुंगात गेले. त्या वर्षीच्या महापुरात सत्याग्रही पाण्यात उभे राहिले. पुढे रस्ते उघडण्याचा ठराव विधिमंडळात 22 विरुद्ध 21 मतांनी पडला.

देवळापासून जवळच इंडंतुरुत्ती मना हा नंबूद्री ब्राह्मण जमीनदाराचा वाडा आहे. मार्च 1925 मध्ये गांधीजी इथे बोलणी करायला आले. त्यांना आत न घेता बाहेर बसवलं. अस्पृश्यांना त्यांच्या पूर्वजन्मीच्या कर्माचं फळ मिळतंय, असं नंबूद्रींचं म्हणणं होतं. आज या वाड्यात माडी काढणाऱ्या कामगारांच्या संघटनेचं कार्यालय आहे. माडी काढणं हा एळव्यांचा परंपरागत धंदा. कार्यालयाची पाटी वाचून मी बराच वेळ तिथून हलले नाही.

नोव्हेंबर 1925 मध्ये सत्याग्रह संपला तो तडजोडीनं. तीन बाजूंचे रस्ते सर्वांना खुले झाले, पूर्वेचा राखीवच राहिला. त्याला निखळ विजय म्हणायला माझं मन धजत नाही. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यासाठी चौथा रस्ता बंदच होता. त्रावणकोरची देवळं सर्व हिंदूंना खुली करणारी घोषणा व्हायला 12 नोव्हेंबर 1936 उजाडावा लागला.

आणि 2025 मध्ये इरिंजालकुडाच्या कूडलमाणिक्यम देवळात हार गुंफण्याच्या कामावर एका एळवा तरुणाची रीतसर नेमणूक झाली, तेव्हा तंत्रींनी, म्हणजे तिथल्या मुख्य पुजाऱ्यांनी, विरोध केला आणि त्याला कचेरीतल्या कामावर हलवण्यात आलं. जातीवरून देवळात यायला आता कुणी अडवत नाही. देवाचा हार कोणी गुंफायचा, यावर मात्र 2025 मध्येही भांडण झालं.