मागील भागात आपण पाहिलेत

दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रत्येक भागाच्या आरंभी अर्ध्या-पाऊण मिनिटाचा एक तुकडा असतो. कोणी एक आवाज 'मागील भागात आपण पाहिलेत' अशा अर्थाचे काही म्हणतो, पाठोपाठ पाच-सात दृश्ये भराभर सरकतात आणि मग शीर्षकगीत सुरू होते. या तुकड्याविषयी कोणी गांभीर्याने लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. घरातली माणसे तेवढ्यात पाणी पिऊन येतात, गॅस बारीक करून येतात. मालिका पाहणे म्हणजे त्यानंतरचे पाहणे, अशी आपली समजूत असते. आम्हीही बरीच वर्षे याच समजुतीत होतो. हा तुकडा नाहीसा झाल्यावर मात्र त्याचे काम काय होते, हे ध्यानात येऊ लागले.

तो नाहीसा झाला डीव्हीडीच्या संचांतून. त्यापूर्वी मालिका घरी ठेवायची म्हणजे चित्रफितींवर, आणि एकेका चित्रफितीवर निवडक दोन-तीन भाग मावत. 'द एक्स-फाइल्स'चे पहिले पर्व २००० साली डीव्हीडीवर आले आणि पर्वेच्या पर्वे पुस्तकासारखी फडताळात उभी करण्याची सोय झाली. मालिका हे आता 'लागण्याचे' नव्हे, 'असण्याचे' साहित्य झाले. पण हवेतून फडताळात येताना तिच्या अंगावरचे काही उतरले. बऱ्याच संचांत भागाआधीची ही उजळणी कापलेली असे. कारण सहज समजण्याजोगे होते. जो ग्राहक एका बैठकीत चार भाग पाहणार, त्याला तासाभरापूर्वीचेच पुन्हा कशाला दाखवायचे? शिवाय हे तुकडे बहुधा प्रक्षेपणाच्या सोयीसाठी वेगळे जुळवलेले असत. मूळ प्रतीचा भाग म्हणून त्यांची गणना होईलच असे नसे.

गंमत अशी की मागचे सांगण्याच्या बाबतीत इतके मितभाषी असलेले हे संच पुढचे सांगण्याच्या बाबतीत कमालीचे उदार असत. वेष्टनाच्या मागील बाजूस प्रत्येक भागाचा सारांश. तबकडी यंत्रात घातली की निवडसूचीच्या पार्श्वभूमीवर त्याच तबकडीतली सर्वांत नाट्यमय दृश्ये, तीही चालती-बोलती. 'पाहायला सुरुवात करा' हे बटण सापडेपर्यंत कोण कोणाच्या मिठीत जाणार आणि कोण जिन्यावरून कोसळणार याची कल्पना आलेली असे. रहस्यभेद, ज्याला 'स्पॉयलर' हे सुटसुटीत नाव आता मराठीतही रुळले आहे, तो शेजाऱ्याने करण्याची गरजच उरली नाही. विकत घेतलेली वस्तूच तो करू लागली. मागचे पुसायचे आणि पुढचे उघडे करायचे, असा हा उलटा व्यवहार होता.

साप्ताहिक प्रक्षेपणात काळ हा मालिकेचा एक घटक होता, हे या संदर्भात आठवावे. 'डॅलस' मालिकेत २१ मार्च १९८० रोजी जे. आर. युइंग या पात्रावर गोळी झाडली गेली आणि ती कोणी झाडली हे प्रेक्षकांना कळले २१ नोव्हेंबर रोजी. त्या वर्षीच्या कलावंतांच्या संपामुळे प्रतीक्षा आणखी लांबली होती. गुपित फुटू नये म्हणून निर्मात्यांनी वेगवेगळ्या पात्रांना गोळी झाडायला लावून ती दृश्ये चित्रित करून ठेवली. आज हे आठ महिने म्हणजे एक तबकडी काढून दुसरी घालण्याचा अवधी. (गोळी कोणी झाडली ते आम्ही येथे सांगणार नाही. चार दशके उलटली म्हणून आपला हक्क निर्माण होतो असे आम्हांस वाटत नाही.)

पण संच म्हणजे मालिकेची विश्वासू प्रत, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का दिला तो 'ट्विन पीक्स'ने. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका ८ एप्रिल १९९० रोजी सुरू झाली. लॉरा पामर या मुलीचे प्रेत नदीकाठी सापडते, तेथून कथेचा आरंभ. अमेरिकेत २००१ साली तिच्या पहिल्या पर्वाचा डीव्हीडी संच निघाला, आणि त्यात हा आरंभीचा दीर्घ भागच नव्हता! त्याचे हक्क दुसऱ्याकडे होते. म्हणजे प्रेत सापडण्याची घटनाच संचाबाहेर आणि तपास संचात. कापलेल्या उजळणीची खंत करणाऱ्या आमच्यासारख्यांना येथे हात जोडावे लागतात. येथे मूळच कापले गेले होते.

याच आरंभीच्या भागाची दुसरी एक आवृत्तीही होती. युरोपात तो स्वतंत्र चित्रपट म्हणून विकता यावा, या कराराच्या अटीपायी त्याला वीसेक मिनिटांचा बंदिस्त शेवट जोडलेला होता, ज्यात खुनाचा उलगडा होऊन जातो. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना उत्तर मिळाले ते नोव्हेंबर १९९० मध्ये, दुसऱ्या पर्वात. तेव्हा एकाच कथेचे एका बाजारात डोके नाही आणि दुसऱ्या बाजारात डोक्यालाच शेपूट, अशी अवस्था. २००७ साली निघालेल्या संपूर्ण संचात दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी आल्या, तेव्हा कोठे वाचकाला पाठभेद तुलना करून पाहता आले. 'वाचकाला' हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. पोथ्यांच्या बाबतीत आपण पाठभेदांची जी चिकित्सा करतो, तिची गरज मालिकांनाही आहे.

उजळणी हाही या संहितेचाच भाग आहे, याची उदाहरणे हवी तेवढी देता येतात. 'लॉस्ट' या मालिकेच्या प्रत्येक उजळणीपूर्वी मालिकेचे नाव घेणारा आवाज लॉइड ब्रॉन यांचा आहे. मालिका मुळात घडवून आणणारे हे वाहिनीचे अधिकारी. तिचा पहिला भाग सप्टेंबर २००४ मध्ये दाखवला जाण्यापूर्वीच त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. ज्याला घराबाहेर काढले त्याचाच आवाज सहा पर्वे दारात उभा राहून पाहुण्यांचे स्वागत करत राहिला. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'चा शंभरावा भाग मे २००१ मध्ये आला. त्याच्या उजळणीत आधीच्या सर्व नव्याण्णव भागांतले क्षण वाढत्या वेगाने सरकत जातात, आणि शेवटी नुसता प्रकाशाचा थरकाप उरतो. ही आठवण करून देण्याची सोय नव्हे, ते स्वतंत्र काव्य आहे. 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'ने तर 'पुढील भागात' या तुकड्याचीच थट्टा केली. त्यात दाखवलेले प्रसंग पुढच्या भागात सहसा येतच नाहीत. ते तेथेच घडतात आणि तेथेच संपतात. जाहिरात समजून कोणी ते कापले तर कथाच कापली जाईल.

हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. उजळणी ही स्वतःच रहस्यभेद नव्हे काय? दहा भागांत ज्याचा पत्ता नाही असा एखादा वकील आजच्या उजळणीत दोन सेकंद दिसला, की मुरलेला प्रेक्षक ओळखतो: आज वकील येणार. उजळणी भूतकाळाविषयी बोलते असे आपण मानतो. वस्तुतः ती करणाऱ्याने पुढचे पाहिलेले असते, आणि पुढच्याला जे लागणार तेवढेच तो मागच्यातून उचलतो.

हे आम्हांस शिकवले ते आमच्या मामांनी. ते जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण जवळचे स्मरण विरळ होत गेले. चाळीस वर्षांपूर्वीच्या खटल्यातल्या साक्षी तोंडपाठ आणि सकाळी कोण येऊन गेले ते ठाऊक नाही, अशी अवस्था. ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा रोज दुपारी एका रहस्यमालिकेचा एक भाग आम्ही मिळून पाहत असू. संचात उजळणी नव्हती. चांगल्या स्मरणशक्तीच्या माणसाला ज्याचा कंटाळा येतो म्हणून ते गाळले होते, नेमके त्याच्यावाचून मामांचे अडत होते. मग ते काम आमच्याकडे आले. भाग सुरू होण्यापूर्वी काल काय झाले ते आम्ही सांगायचे, मामांनी डोळे मिटून ऐकायचे.

पुढचे आम्हांलाही माहीत नसल्यामुळे आमची उजळणी लांबलचक होई. काय महत्त्वाचे ठरेल याचा पत्ता नसलेला माणूस सगळेच सांगतो. मामांना ते पसंत होते. "साक्षीदाराचं सगळं लिहून घ्यायचं असतं. काय कामाचं ते न्यायाधीश ठरवतील," असे ते म्हणत. वेष्टनावरचे सारांश मात्र ते भिंग घेऊन वाचू लागले, तेव्हा आम्ही शाळेच्या पुस्तकांना घालतो तसे खाकी कागदाचे कव्हर संचाला घातले.

वर्षभराने तीच मालिका पुन्हा पहिल्यापासून लावायची वेळ आली. मामांसाठी ती नवी होती. आमच्यासाठी नव्हती, आणि आमची उजळणी आपोआप आटोपशीर झाली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मामांनी डोळे उघडले. "आज तू त्या माळ्याचं नाव घेतलंस. काल-परवा घेतलं नव्हतंस. म्हणजे आज माळी काहीतरी करणार."

"मामा, तुम्हांला कालचं आठवलं?"

"कालचं नाही आठवत. पण तुझा आवाज आज माळ्यापाशी थांबला."

त्या दिवसापासून आम्ही आमच्या उजळणीत मुद्दाम निरुपयोगी गोष्टी मिसळू लागलो. टपालवाला, मांजर, कोणाचा तरी हरवलेला मोजा. मांजराने या मालिकेत शेवटपर्यंत काहीही केले नाही, पण मामा रोज तिच्याकडे संशयाने पाहत, आणि त्या संशयात पहिल्या वेळची ती सगळी गंमत परत येई. चांगली उजळणी करणाऱ्याने थोडे भूस ठेवावे लागते, हे आम्ही तेथे शिकलो. पुढे भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची ओळखही अशीच करून देण्याची वेळ आली. हे कोण, यांचे-आपले काय, मागच्या भेटीत काय बोलणे झाले. तेथे मात्र पुढचे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणते भांडण आठवून द्यायचे आणि कोणते वगळायचे, कोणाच्या निधनाची बातमी पुन्हा एकदा द्यायची की नाही, याचा निवाडा करताना आपल्या हातात केवढे काम आले आहे ते कळून जीव दडपत असे.

कोणी म्हणेल, आपल्या परंपरेला रहस्यभेदाचे एवढे भय कधीच नव्हते. खरे आहे. महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच धृतराष्ट्र संजयापाशी शोक करतो आणि एकामागून एक घटना उच्चारत सगळे युद्ध सांगून टाकतो. पाठोपाठ पर्वसंग्रहात साऱ्या पर्वांचा गोषवारा येतो. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'त हरीश भिमाणींच्या आवाजातला 'समय' मागचे-पुढचे सर्व जाणणारा होता, आणि त्यामुळे कोणाचा रसभंग झाला नाही. पण तेथे श्रोता आणि वक्ता यांचे ज्ञान समान असते. शिवाय धृतराष्ट्र जे सांगतो ते सर्वस्व गमावलेला बाप म्हणून सांगतो. शेवट कळतो तो शोकाच्या रूपाने. वेष्टनावरच्या चार ओळींना कोणाचाही शोक नसतो, विक्री असते. शेवट सांगण्यात दोष नाही. तो कोण सांगतो आणि कशासाठी, यावर सगळे आहे.

आता डीव्हीडीच मागे पडली. टपालाने तबकड्या पाठवण्याच्या व्यवसायातून वर आलेल्या नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये ती सेवा बंद केली. उजळणी परत आली आहे, पण ती ओलांडून पुढे जाण्याचे बटण सोबत घेऊन. ॲमेझॉनच्या सेवेवर २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले गोषवारे मिळू लागले. तुम्ही जेथवर पाहिले असेल तेथवरचेच सांगू, असे त्यांचे आश्वासन. सोय चांगली आहे. मामांना तिचा उपयोग झाला असता. त्या गोषवाऱ्यात मांजर असेल की नाही, एवढीच आमची शंका आहे.

मालिका जतन करणाऱ्यांकडे आमचे मागणे मोठे नाही. उजळणी आणि 'पुढील भागात' हे तुकडे कापू नयेत. नको त्याला वगळता येतील असे, पण संहितेत ठेवावेत. सारांश वेष्टनावर नव्हे, आतल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर असावा. मामांचा तो संच आमच्याकडे अद्याप आहे, खाकी कव्हर जीर्ण झालेले. कोणी पाहायला मागितला तर देतो. अट एकच, कव्हर काढायचे नाही.