दुवा सांधणारे कागद

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली तेव्हा घरोघरी एकच शोधाशोध सुरू झाली. मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स दोन, शिवाय ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांनी ते कोणाकडून घेतलं होतं त्याचा जुना करार. भाड्याची जागा लहान, म्हणून त्याच निमित्ताने घरातले सगळेच कागद उपसायचे मी ठरवलं. टाकायला काय निघालं त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. मोडीत गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, तारेला टोचून ठेवलेली विजेची बिलं, शाई उडून कोऱ्या झालेल्या एटीएमच्या पावत्या सगळ्यांकडेच असतात. हात अडतो तो ठेवायच्या कागदांपाशी.

आधार, पॅन, पासपोर्ट हे महत्त्वाचे, असं आपण सहज म्हणून जातो. ते जपायचेच. पण हरवले तर मनस्ताप झाला तरी ते पुन्हा मिळतात, कारण त्यांची नोंद दुसरीकडे असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता घरबसल्या निघतो. नोंदवलेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून घेता येते. माझ्या लेखी सगळ्यांत आधी जपायचा तो कागद वेगळा. एका नावाचा दुसऱ्या नावाशी, एका पिढीचा पुढच्या पिढीशी संबंध दाखवणारा. नोंदी दोन कार्यालयांत दोन असतात. त्यांच्यामधला दुवा मात्र पुष्कळदा घरातच असतो, आणि घरातून गेला की गेलाच.

हे मला उमगलं ते सासूबाईंच्या रेक्झिनच्या पिशवीमुळे. त्यांच्या माहेरच्या जमिनीवर वडिलांच्या मागे वारस म्हणून त्यांचंही नाव लागलेलं होतं, माहेरचं नाव. भाच्यांना त्या जमिनीचा व्यवहार करायचा होता आणि त्यासाठी आत्याची सही हवी होती. सासूबाईंच्या आधारवर सासरचं नाव. आमच्याकडे पूर्वी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचं नवं नाव लिहीत, तसं त्यांचंही लिहिलं गेलं होतं. त्यामुळे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदललेली. सातबारावरची बाई आणि आधारवरची बाई यांच्यात कागदोपत्री काहीच समान नव्हतं. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि मग 2005 च्या दुरुस्तीने साऱ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण ती मुलगी मीच, हे सिद्ध करायचं काम मुलीवरच येतं. मुलाला ते सहसा करावं लागत नाही, कारण त्याचं नाव जन्मापासून तेच राहतं.

पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला होता. 1960 च्या आधीचा, म्हणजे मुंबई राज्यातला. चार घड्यांचा, घडीवर चिकटपट्टी लावलेला. पट्टी पिवळी पडून तिच्याखालची दोन अक्षरं तिच्यातच उतरली होती. त्यावर फक्त माहेरचं नाव. लग्नाची नोंदणी त्या काळी कोण करत होतं? पण लग्नपत्रिका होती, कोपऱ्यांवर हळदीकुंकवाचे डाग असलेली. तिच्यात ‘चि. सौ. कां.’ पुढे माहेरचं नाव आणि ‘चि.’ पुढे सासऱ्यांचं. मग एक रद्द झालेली शिधापत्रिका सापडली. तिच्यात कुटुंबप्रमुख म्हणून सासरे आणि खालच्या ओळीत सासरच्या नावाने सासूबाई, नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’. दाखल्यापासून पत्रिकेपर्यंत, पत्रिकेपासून शिधापत्रिकेपर्यंत आणि तिथून आधारपर्यंत अशी वाट जुळली. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करताना हेच कागद सोबत लावले. पत्रिका आणि शिधापत्रिका, दोन्ही मी एरवी रद्दीत टाकल्या असत्या.

जात पडताळणीतही हेच दिसतं. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, या तारखांच्या आधीचा पुरावा वडिलांकडच्या नात्यातला लागतो. कुणबी नोंदींचा शोध 2023 पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं आणि मोडीतली दप्तरं पुन्हा उघडली गेली. सरकारी दप्तरात पणजोबांची नोंद सापडेलही, पण ते आपलेच पणजोबा हे वंशावळीने दाखवावं लागतं, आणि त्या वंशावळीला आधार देणारा एखादा चुरगळलेला कागद कुणाच्या तरी ट्रंकेच्या तळाशी असतो. बारावी झालेल्या मुलाचा प्रवेश त्यावर अडलेला असतो. म्हणून जुना, फाटका, मुदत संपलेला एवढ्यावरून कागद काढू नये असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. आणि मूळ दाखल्याला लॅमिनेशनही करू नये. शिक्का आणि कागद उघडे दिसावे लागतात, शिवाय प्लास्टिक पुन्हा निघत नाही. साधी पारदर्शक पिशवी पुरते.

माझ्या मुलीने लग्नानंतर नाव बदललं नाही. तिच्या लेकीच्या जन्मदाखल्यावर बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्राने तो नियमच केला. मला याचा फार आनंद आहे. या मुलीला आपली आई कोण हे दाखवायला लग्नपत्रिका शोधावी लागणार नाही.

सासूबाईंना शेजारी बसवून मी आता एक फाईल लावली आहे. प्रत्येक कागदामागे एक चिठ्ठी: हे नाव कोणाचं, पुढे त्याचं काय झालं, मूळ कुठे आहे. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. त्यांच्या आईचं माहेरचं नाव मात्र एकाही कागदावर मिळालं नाही. शाळेत ती गेली नव्हती, जमिनीवर तिचं नाव कधी लागलं नाही. सासूबाईंना ते नाव पाठ होतं, गावासकट. ते पहिल्याच पानावर लिहून घेतलं, तारीख घातली आणि खाली त्यांची सही घेतली.