मागचं ओझं

बंगळूरच्या पीण्या भागातल्या गर्दीत आरसा सारखा थरथरत होता. नेलमंगला ओलांडल्यावर कुठे मागचं नीट दिसू लागलं. पिकअपच्या मागे ट्रेलर, त्यावर व्हीएसटीचा साडेअठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. ही कंपनी १९६७ सालची, बंगळूरचीच. उसाच्या सरींतून आंतरमशागतीला मोठा ट्रॅक्टर चालत नाही, म्हणून मामांनी निपाणीहून हा सांगितला.

चढवताना तो जरा पुढे सरकवून घेतला. वजन ट्रेलरच्या आसाच्या थोडं पुढे पडावं लागतं. मागे गेलं तर वेगात ट्रेलर झोके खातो आणि पिकअपलाही ओढतो. गिअर टाकला, हँडब्रेक लावला, चारी बाजूंनी पट्टे आवळले. तरी तुमकुरूजवळ मामांचा फोन आलाच, "पट्टे परत आवळ रे, टायर बसतात." खरंच, बोटभर ढिले झाले होते.

एरवी मी हा रस्ता पुढे बघत कापतो. आज ब्रेक आधी सुचावा लागतो, वळण रुंद घ्यावं लागतं. आयुष्यभर दुसऱ्याला ओढणारं यंत्र असं बांधलेलं, मुकाट येताना पाहून गलबलतं. मामांच्या बैलांची आठवण येते, का ते कळत नाही.

सिऱ्याला चहाला थांबलो. एका शेतकऱ्याने टायर दाबून पाहिला, कन्नडमध्ये किंमत विचारली, मग पावसाचं बोलत राहिला. मामांचे गुडघे आता क्लच दाबू देतील का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.