उघड्यावरची नीज

मूल झाले की मित्रमंडळींचे दोन तट पडतात. काहीजण “आता तुम्ही कुठले येताय!” म्हणून बोलावणेच सोडून देतात, काहीजण “तिला घेऊन या की, त्यात काय एवढे!” म्हणतात. पहिल्यांचा राग येतो, दुसऱ्यांची धास्ती वाटते. आमच्या हदगावची मंडळी दुसऱ्या तटातली. कार्तिकातल्या एका शनिवारी तीन घरांनी मिळून पैनगंगेच्या काठी तंबूत रात्र काढायची, असा बेत त्यांनी केला, तेव्हा आमची लेक नऊ महिन्यांची होती.

सासूबाईंनी बेत ऐकून घेतला आणि विचारले, “घर असताना उघड्यावर कशाला निजायचं, माय?”

“आत्याबाई, तुम्ही नाही का खळ्यावर निजत होता?”

“ते राखणीसाठी. हौसंनं कोण निजतंय भुईवर?”

पण बोलता बोलता त्यांनी लेकीची रोजची गोधडी घडी करून माझ्या हाती दिली. ती धुऊ नको, असेही बजावले. त्यामागचे शास्त्र मला नंतर उमगले. मोठी माणसे जागा पाहून झोपतात. लेकरू क्रम पाहून झोपते. कोमट पाण्याने अंग पुसणे, दूध, तीच अंगाई, तोच गोधडीचा वास, एवढे जिथे एकापाठोपाठ एक घडेल तिथे त्याची रात्र होते. म्हणून आम्ही आधी दोन रात्री आमच्याच अंगणात तंबू ठोकून तिला त्यात निजवले. शेजाऱ्यांनी घरात भांडण झाल्याचा तर्क केला, तो आम्ही चालू दिला.

नदीवर पोचल्यावर मंडळींना पांढरी वाळू भुरळ घालू लागली. पण वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. पाणी सोडले तर आभाळ निरभ्र असतानाही पात्र भरते. तेव्हा तंबू काठावरच्या उंच, मोकळ्या रानात पडले. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातले दिवे लुकलुकत होते.

खरी काळजी होती मण्याराची. हा साप रात्री हिंडतो आणि बहुधा जमिनीवर निजलेल्या माणसालाच चावतो. दात इतके बारीक, की वेदना फारशी होत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, तेव्हा कळते. म्हणून तळ शिवलेला तंबू घेतला आणि दिवस मावळताच त्याची चेन लावून टाकली. आत जाण्याआधी बॅटरीचा उजेड टाकायचा, जोडे झटकून घालायचे, असा नियम केला. विंचवाचीही धास्ती होतीच. मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला राहून, प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशावर वापरून कितीतरी जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते दवाखान्यात आहे. म्हणून एक गाडी रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि १०८ हा आकडा सगळ्यांनी पाठ केला.

थंडीसाठी कुणीतरी शेगडी तंबूत ठेवायला निघाले होते. त्यांना हाताला धरून परत फिरवले. बंद जागेत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना डोळ्यांना दिसतो, ना नाकाला कळतो. लेकीच्या अंगावर कपड्यांचे थर चढवले आणि अंथरुणात उशी, जाड पांघरूण काहीच ठेवले नाही. गोधडी पातळ सतरंजीसारखी तिच्याखाली घट्ट अंथरली. झाडाला झोळी बांधून तिला डोळा लागेपर्यंत झोके दिले, मग उचलून सपाट अंथरुणावर उताणी निजवली. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. आठ वाजता ती झोपली. गाणारी मंडळी पन्नास पावले लांब जाऊन बसली.

रात्र आम्ही वाटून घेतली. जुन्या लोकांचा प्रहर तीन तासांचा. नऊ ते सहा असे तीन प्रहर, एकेका घराकडे एकेक. पहाटेचा आमच्या वाट्याला आला.

चारच्या सुमारास रस्त्यावर एक ट्रॅक्टर थांबला. मागे दोन ट्रॉल्या. पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, चिपाडासारखी दाटलेली माणसे. ऊसतोडीला निघालेली टोळी होती ती. चालक चाकाशी खटपट करीत होता. लेकीपाशी तिचे बाबा बसले होते. मी रस्त्यापर्यंत गेले. ट्रॉलीच्या आडव्या बांबूला एक झोळी लटकत होती. तिच्याशेजारची बाई माझ्याहून लहानच असावी.

“कुठं निघालात?”

“कारखान्यावर, सांगलीकडं.”

“फडात लेकरू कुठं निजतं?”

“बांधावर. झाड असलं तर झोळी, न्हाई तर पाचटावर.”

“आणि लक्ष कोण ठेवतं?”

“थोरली हाय की. धा वर्साची.”

तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल कोयत्याला मिळते, झोळीच्या राखणीला काही नाही. मजुरांच्या शाळकरी मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजना आली. ती सफळ व्हावीच. पण थोरली शाळेत राहिली, तर झोळीपाशी कोण? साप, विंचू, थंडी फडातही तीच. पश्चिमेकडच्या उसात तर बिबट्याही असतो. मला वाटते, दर टोळीमागे एक वयस्क बाई पूर्ण मजुरीवर नेमावी, आणि तिने कोयता हाती न धरता नुसते लेकरांपाशी बसावे. मुकादमाच्या वहीत एवढी एक ओळ वाढायला हवी.

चाक बसले, ट्रॅक्टर सुरू झाला. आमच्या लेकीच्या एका रात्रीसाठी सहा मोठी माणसे होती. त्या झोळीची दोरी दहा वर्षांच्या मुलीच्या हातात होती, आणि बसल्या जागी तिचेही डोळे मिटत होते.