पहिल्या रांगेतले पाय

आमचे आजोबा गिरगावातले. पृथ्वीराज कपूर म्हटलं की लोकांना अकबर आठवतो. आजोबांना ऑपेरा हाउस आठवायचं. पृथ्वीराजांनी १९४४ साली नाटक कंपनी काढली आणि रॉयल ऑपेरा हाउसमध्ये खेळ केले. आजोबांनी तिथे 'पठाण' पाहिलं, अगदी वरच्या गॅलरीतून, मान पुढे काढून. पण ते सांगायचे नाटकानंतरचं. खेळ सुटला की पृथ्वीराज दारात झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहायचे. आजोबांनी एक आणा टाकला. "एवढा मोठा नट हाताच्या अंतरावर, आणि मला दिसले ते त्यांचे केस," एवढं सांगून ते गप्प व्हायचे. देणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून ती मान खाली होती, असं त्यांचं मत. मलाही तसंच वाटतं.

त्या कंपनीला स्वतःचं नाट्यगृह कधी मिळालं नाही. सोळा वर्षं गावोगाव फिरून १९६० मध्ये ती थांबली. पुढे पृथ्वीराजांनी जुहूला भाडेपट्ट्यानं जागा घेतली, पण १९७२ मध्ये ते गेले तेव्हा तिथे नाट्यगृह नव्हतंच. ते बांधलं त्यांचा मुलगा शशी कपूर आणि सून जेनिफर यांनी. वास्तुरचनाकार वेद सेगन यांनी प्रेक्षक तीन बाजूंना बसवले, जेमतेम दोनशे. ५ नोव्हेंबर १९७८ ला पृथ्वी थिएटर उघडलं ते गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगानं. जुहूच्या त्या रंगमंचावरचा पहिला शब्द मूळ एका मराठी नाटककाराचा होता, याचं मला आजही अप्रूप आहे.

मी पहिल्यांदा गेले ती १९८६ च्या पावसाळ्यात, आईबरोबर, पार्ल्याहून रिक्षानं. तिसरी घंटा झाली की कितीही मोठा माणूस असो, आत सोडत नाहीत, हे ऐकलेलं. म्हणून तासभर आधीच जानकी कुटीरच्या गल्लीत पोचलो. जागा मिळाली पहिल्या रांगेत. समोर पडदा नाही, उंच रंगमंच नाही. एक पाऊल टाकलं की आपण नाटकात. एका प्रसंगात नट अनवाणी चालत आमच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या टाचेची भेग दिसत होती, कानामागून घामाचा ओघळ उतरताना रंग पुसत गेला तोही दिसला. आईनं हळूच पाय मागे ओढून घेतले, कोणाच्या घरी सारवलेल्या जमिनीवर पाय पडू नये म्हणून घेतो तसे. परतताना म्हणाली, "दादांना इथे बसवायला हवं होतं गं."

आजोबा तोवर गेले होते. ऑपेरा हाउसही १९९३ मध्ये बंद पडलं. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ती वास्तू, पुढे सिनेमाघर झालेली, तेवीस वर्षं कुलुपात. त्या नाक्यावरून जाताना मी बसमधून तोंड फिरवायचे. आभा नारायण लांबा यांनी ती पुन्हा उभी केली, २०१६ मध्ये दारं उघडली. मी तिकीट काढून मुद्दाम वरच्या मजल्यावर गेले. घुमटाचं रंगकाम, सोनेरी नक्षी, बाजूचे बॉक्स, सगळं डोळे भरून पाहिलं. मग पुढे वाकले. रंगमंच खरंच फार खाली होता. एवढ्या लांबून आजोबांना काय दिसलं असेल? आवाज पोचला असेल, नक्की. चेहऱ्यासाठी मात्र ते दारापर्यंत थांबले असणार.

ऑपेरा हाउस जिवंत झालं याचा आनंद मनापासून आहे. पण माझा जीव जुहूत. १९८४ मध्ये जेनिफर गेल्या, नंतर त्यांची मुलं संजना आणि कुणाल यांनी पृथ्वी चालवलं. आणि दाराला कुलूप लागून धूळ साचेल, अशी वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन गेले. ती आता ब्याऐंशीची. पायऱ्या नकोत म्हणून पुन्हा पहिली रांग. तिसरी घंटा झाली, दिवे मालवले. काळोखात तिच्या साडीची सळसळ ऐकू आली. तिनं पाय आत घेतले होते.