पाठीमागचे वल्हे

ज्या बाईला पोहता येत नाही तिने नदीवर लिहू नये, असे तुम्ही म्हणाल. म्हणून आधीच सांगून टाकते, की सांगली जिल्ह्यातल्या एका विहिरीने मला लहानपणीच पाण्यापासून दूर केले. पुढे काही पराक्रम येईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

मालवणच्या दक्षिणेचे देवबाग तुम्ही कदाचित पाहिले असेल. अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये तेथे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला लाटांची गाज; माडांमधून थोडे चालत गेलात, की दुसऱ्या अंगाला नदीचे निवांत, रुंद पाणी. मार्गशीर्षातल्या द्वादशीला सकाळी या निवांत बाजूला आम्ही दहा नवशिकी माणसे कयाक चालवायला जमलो होतो. माझे नाव मुलीने परस्पर घातले होते.

कयाक मूळची ग्रीनलंडसारख्या हिमप्रदेशांतल्या इन्युइट शिकाऱ्यांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. आमची प्लॅस्टिकची होती, दोघांची, वरून उघडी, आणि तिच्या बैठकीत चक्क आरपार भोके होती. होडीचे अंग पोकळ व बंद असते, वर आलेले पाणी या भोकांतून खाली निघून जाते, हे मला समजावून सांगण्यात आले. समजले, पटले नाही.

पहिला धडा बुडण्याचाच होता. कमरेइतक्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवायची, वल्हे सोडायचे नाही, होडी सुलटी करून पोटावर पालथे पडत पुन्हा चढायचे. लाइफ जॅकेटचे पट्टे शिकवणाऱ्या तरुणाने एकेक करून ओढून पाहिले, आणि मला काकांच्या हातची गाठ आठवली. विहिरीत पोहायला शिकवताना त्यांनी माझ्या पाठीला रिकामा बंद डबा बांधला होता. गाठ सुटली. डबा वर राहिला, मी खाली गेले. काकांनी लगेच बाहेर काढले. सारे काही क्षणांचेच असेल. पण त्या क्षणांच्या जोरावर मी पुढे माझ्या मुलीला कोणत्याही पाण्यात उतरू दिले नाही. शाळेची सहल तलावाकाठी जाणार असली, की तिला हमखास ताप यायचा. तो ताप माझा होता, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

कोकणात भरतीची वेळ ढोबळमानाने तिथीच्या पाऊणपट धरतात. द्वादशीला बारांची पाऊणपट नऊ. म्हणून साडेसातला निघून चढत्या पाण्याबरोबर वर जायचे आणि नऊनंतर ओहोटीबरोबर परतायचे, असा बेत होता. एक वाटाड्या पुढे, एक अगदी मागे आणि साऱ्या तांड्याचा वेग सर्वांत मंद होडीइतका. ती होडी आमची होती, हे सांगायला नकोच.

पुढे बसणाऱ्याने लय धरायची, मागच्याने दिशा सांभाळायची. पुढच्याला मागचा दिसत नाही. मी वल्हे पाण्यावर आपटत होते. शेजारून आवाज आला, "काकीनू, पाण्याक मारू नकात. वडून घेवा." तरी व्हायचे ते झालेच. आम्ही तिवरांच्या झाडीत शिरलो. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. पलीकडे कांदळ आपल्या वाकड्या मुळांवर पाय रोवून उभा होता. मी आधारासाठी एका मुळाकडे हात नेला.

"आई, हात लावू नकोस, कालवं आहेत. कापेल."

मुळावर खरोखरच कालवांच्या धारदार शिंपा चिकटल्या होत्या. मुलीने वल्हे उलटे ओढून होडी अलगद बाहेर काढली. तिच्या हातात घाई नव्हती. ती मला नवीन होती.

"तुला भीती नाही वाटत?" मी मान न वळवता विचारले.

"मला पोहता येतं, आई. दोन वर्षं झाली. पुण्यात शिकले."

एक खंड्या पाण्यावर सूर मारून गेला, तेवढा वेळ मी गप्प राहिले. मग, का सांगितले नाहीस, असे विचारले.

"सांगितलं असतं, तर तू रोज तलावाच्या वेळेला फोन केला असतास."

खोटे नव्हते. तिने मला भीतीपासून वाचवले, की माझ्या भीतीपासून स्वतःला, याचा मी अजून विचार करते. त्या वेळी मात्र थोडा रागच आला. तिला पाठमोरी असल्यामुळे माझा चेहरा दिसत नव्हता, हे बरे झाले.

नऊच्या सुमारास पाणी थबकले. काठाजवळ तरंगणारे एक पान बराच वेळ जागीच होते. मग ते सावकाश समुद्राकडे सरकू लागले. आम्हीही होड्या वळवल्या. आता वल्हे मारण्याची फारशी गरजच नव्हती.

"तिथं पाठीला काय बांधतात?" मी विचारले.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि इतकी हसली, की होडी हलली. माझा एक हात कडेकडे गेला होता. मी तो परत वल्ह्यावर आणला.